निखाऱ्यावरची बटाटा-बेकन पुडी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

फॉइलच्या पुडीत बटाटा भाजत नाही, शिजतो. एवढं आधी डोक्यात बसवा. आम्हाला ते कळायला दोन हिवाळे गेले. पहिल्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या एका मित्राच्या रानात, भाताची मळणी उरकल्यावर, आम्ही सहाजण जमलो. बटाट्याच्या लिंबाएवढ्या फोडी केल्या, वर बेकन घातलं, पुड्या बांधल्या आणि धडाडत्या जाळात टाकल्या. वीस मिनिटांनी काढल्या तर खाली कोळसा, मध्ये करकरीत कच्चा बटाटा आणि फॉइलला दोन ठिकाणी भोकं. बेकनची चरबी जाळात गेलेली, तिचा वास मात्र सगळ्या शिवारात. शेजारच्या रानातली आक्का बांधावर येऊन म्हणाली, "काय करूलालास रे? आधी जाळ विझू दे की. आरात घालायचं असतंय ते." बेकन म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, खरं चूक तिनं बरोबर धरली.

आपल्याकडं रताळी आरात भाजतात, म्हणजे जाळ गेल्यावर उरलेल्या निखाऱ्यात आणि गरम राखेत. रताळं अख्खं घालतो, त्यामुळं त्याच्या सालीच्या आत त्याचंच पाणी वाफ होऊन त्याला शिजवतं. बटाटा आपण कापतो, म्हणजे ती साल मोडतो. फॉइल ही बाहेरून घातलेली दुसरी साल. बेळगावच्या पश्चिम भागात तांबड्या मातीत ही दोन्ही पिकं शेजारी-शेजारी असतात, आणि 'बटाटा' हा शब्दही मुळात रताळ्याचाच. स्पॅनिश लोकांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून उचलला, त्यांच्याकडून पोर्तुगीजांनी घेतला आणि गोव्यामार्गे आपल्यापर्यंत आणला. तेव्हा रताळ्याची रीत बटाट्याला लावण्यात वावगं काही नाही.

काय काय लागेल

चार माणसांच्या चार पुड्या. बटाटे ८०० ग्रॅम, बेकन २०० ग्रॅम, दोन मोठे कांदे, लसणाच्या दहाबारा पाकळ्या, जाडसर कुटलेली मिरी, दोन हिरव्या मिरच्या, एक चमचा तेल. मीठ डब्यातच राहू दे, त्याचं कारण पुढं येतंय. बाकी चिमटा, जाड कापडाचं फडकं किंवा हातमोजा, एक पाण्याची बादली.

बेकन

ज्यांनी कधी घेतलंच नाही त्यांच्यासाठी: बेकन म्हणजे डुकराच्या पोटाचं किंवा पाठीचं मांस, मीठ लावून मुरवलेलं आणि बहुतेक वेळा धुरी दिलेलं. पुडीसाठी पोटाचंच घ्या, ज्यात तांबड्या मांसात पांढऱ्या चरबीचे पट्टे दिसतात. पाठीच्या बेकनमध्ये चरबी कमी, आणि या पदार्थात तेलाचं काम चरबीनंच करायचं असतं.

बेळगावात कॅम्प भागातल्या फ्रोझन मालाच्या दुकानांत विचारा. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं. आमच्यातलं कुणी ना कुणी गोव्याला जाऊन येतंच, मग थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घालून चोर्ला घाटातून आणायचं. एकदा एका दुकानातून घेतलेल्या पाकिटात आत बर्फाचे खडे आणि तांबूस पाणी गोठलेलं होतं, म्हणजे वाटेत वितळून पुन्हा गोठवलेला माल. उघडल्यावर आंबूस वास आला आणि तीनशे रुपये उकिरड्यावर गेले. तेव्हापासून पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही. पट्ट्या सुट्ट्या दिसायला हव्यात, तळाला बर्फाचा गोळा नको.

आदल्या रात्री पाकीट फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळपर्यंत सुटं होतं. ओट्यावर ठेवून वितळवू नका. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरते, खरं दुपारी चांगलंच ऊन असतं. रानात नेताना बर्फाच्या पेटीत न्या, आणि बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत ते निखाऱ्यावर गेलं पाहिजे.

बेकन दिसतं तयार, पण बहुतेक कच्चंच असतं. डुकराचं मांस कच्चं राहता कामा नये. गंमत अशी की रंगावरून ते कळत नाही. मुरवताना वापरलेल्या नायट्राइटमुळं बेकन शिजल्यावरही गुलाबीच राहतं. बघायचं ते चरबीकडं: पांढरी, घट्ट चरबी पारदर्शक होऊन आकसली आणि कडा तांबूस झाल्या की झालं. कुणाकडं मांसात खुपसायचा थर्मामीटर असेल तर ७१ अंश सेल्सिअस.

बटाटा कुठला, आणि कापायचा कसा

इथं जरा थांबतो, कारण निम्मी पुडी इथंच बिघडते.

बाजारात दोन तऱ्हेचा माल मिळतो. एक आपला जवारी, खरिपाचा, जूनच्या पावसावर लावलेला आणि दसऱ्याच्या मागंपुढं निघणारा. दुसरा उत्तरेकडून ट्रकनं येणारा, आग्रा किंवा इंदूरचा, बहुधा शीतगृहात राहिलेला. जवारी ताजा असताना त्याची साल नखानं सुटते, आत पाणी जास्त, शिजल्यावर फोड अंगानं उभी राहते. त्याची साल काढू नका, नुसती चोळून माती घालवा. शीतगृहातला बटाटा थंडीत राहून गोडसर झालेला असतो, त्यातली साखर लवकर करपते आणि पुडीचा तळ काळा होतो. असा बटाटा चार-पाच दिवस घरात अंधाऱ्या जागी, फ्रीजबाहेर ठेवून मग वापरला तर फरक पडतो. हिरवट डाग असला तर तेवढा भाग खोल कापून टाका, कोंब खणून काढा. अर्धा बटाटाच हिरवा असेल तर आख्खा फेका. तो हिरवेपणा उन्हाचा, पण त्याच्याबरोबर सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि ते शिजवून जात नाही.

कापायचं अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्यांत. करंगळीच्या नखाची निम्मी रुंदी धरली तरी जवळपास येतं. चकत्या जाड झाल्या तर बेकन करपेपर्यंत त्या शिजत नाहीत, पातळ झाल्या तर लगदा. सगळ्या सारख्या असणं जाडीपेक्षाही महत्त्वाचं. एकाच पुडीत जाड-पातळ असेल तर प्रत्येक घासाला वेगळं नशीब.

कापलेल्या चकत्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या. पहिलं पाणी दुधासारखं निघतं, तो पिष्टाचा थर. तो राहिला की चकत्या एकमेकींना आणि फॉइलला चिकटतात. मग फडक्यावर पसरून टिपून कोरड्या करा. हे टिपणं आम्ही पहिल्या वर्षी टाळलं होतं. आत पाणी जास्त झालं की उकडलेल्या बटाट्याची चव येते, खमंगपणा येत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास वर आहे. इथं पाणी शंभरऐवजी साधारण साडेसत्याण्णव अंशांवरच उकळतं. पुडीतली वाफही तेवढीच गरम. म्हणून गोव्यातल्या पाहुण्यानं सांगितलेल्या वेळेत आपण दोन-चार मिनिटं वाढवायची.

पुडी बांधणं

फॉइलच्या डब्यावर जाडी मायक्रॉनमध्ये छापलेली असते. पोळ्या गुंडाळायचं फॉइल दहा-अकरा मायक्रॉनचं असतं, ते निखाऱ्यावर एकेरी टिकत नाही. अठरा किंवा त्याहून जाड मिळालं तर उत्तम, नाहीतर साधंच दुहेरी घ्या. चकचकीत बाजू आत की बाहेर, यावरून दरवर्षी वाद होतो. कारखान्यात शेवटच्या लाटणीला दोन पत्रे एकत्र रुळांतून जातात. रुळाला लागलेली बाजू चकचकते, एकमेकांना लागलेली मंद राहते. शिजण्यात फरक नाही. वाद घालायचा तर घाला, तोवर निखारे तयार होतात.

आता रचना. तीस सेंटीमीटर रुंदीच्या रोलचा पंचेचाळीस सेंटीमीटर लांब तुकडा, दुहेरी. मध्ये बोटानं तेलाचा हात फिरवा. त्यावर कांद्याच्या जाड चकत्यांची गादी. ही गादी खाण्यासाठी कमी आणि बचावासाठी जास्त: खालून लागणारा पहिला चटका कांदा खातो. त्यावर बटाट्याच्या चकत्या, एकमेकींवर किंचित चढवून, दोन थरांपेक्षा जास्त नको. मध्ये लसूण (पाकळी अख्खी, चेचलेली नको, ती जळून कडू होते), मिरचीचे दोन तुकडे, मिरी. सगळ्यात वर बेकनच्या पट्ट्या, दोन-दोन बोटं लांब कापून. पन्नास ग्रॅम दिसायला कमी वाटतं. चरबी वितळून खाली उतरते आणि तिच्याबरोबर बेकनमधलं मीठही. एवढं एका पुडीला पुरतं. वरून मीठ घातलेली पुडी आम्ही खाल्ली आहे, बादलीभर पाणी प्यावं लागलं.

तिखट हवं असेल तर संकेश्वरी मिरचीची पूड चिमूटभर, नुसता रंग हवा असेल तर ब्याडगी. घरची कांदा-लसूण चटणी घालणार असाल तर त्यातही मीठ असतं हे ध्यानात ठेवा. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो यातलं काहीही आत नको. आंबट आणि ॲल्युमिनियम एकत्र तापले की फॉइल खाल्लं जातं आणि पदार्थाला पत्र्याची चव येते. लिंबू पुडी उघडल्यावर पिळायचं.

परसात केळ किंवा हळद असेल तर फॉइलवर आधी पानाचा तुकडा टाका आणि त्यावर हे सगळं रचा. काही चिकटत नाही, आणि हळदीच्या पानाचा वास बेकनच्या धुरकट वासात असा मिसळतो की आमच्याकडं आता पानाशिवाय कुणी पुडी बांधत नाही.

घडी घालताना दोन लांब कडा वर आणून एकत्र धरा, बोटभर दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. मग दोन्ही टोकं तशीच दोन-दोनदा. किराणावाल्याची पुडी घट्ट असते, ही तशी नको. आतल्या जिनसांच्या वर दोन बोटं मोकळी जागा ठेवा. वाफेला फिरायला तेवढं लागतं, नाहीतर शिवण उकलते.

आर तयार करणं

लाकडी कोळसा दीड-दोन किलो पुरतो. लाकूडच वापरणार असाल तर बाभूळ, जांभूळ असलं जड आणि वाळलेलं. रंग दिलेली फळी, प्लायवूडचे तुकडे, टायर यांच्या जवळही जाऊ नका. पेटवायला शेणीचा तुकडा आणि थोडं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा. रॉकेल ओतलंत तर वास पुडीत शिरतो.

पेटवण्याआधी वारा बघा. सुगीनंतर रानात पिंजराच्या गंजी उभ्या असतात आणि एक ठिणगी पुरते. गंजीपासून लांब, वारा गंजीकडून आपल्याकडं येईल अशा अंगाला, गवत खरवडून काढलेल्या मातीवर तीन दगड मांडा. जंगलात हे करायचं नाही. खानापूरच्या पलीकडचं भीमगड तर अभयारण्य आहे, तिथं आग पेटवणं गुन्हा आहे. आपलं रान, मळा, परसू, गच्ची ही आपली जागा.

मग थांबायचं. आमच्या पहिल्या वर्षीची सगळी चूक या थांबण्यात होती. अर्धा तास लागतो. कोळशावर राखेचा पांढुरका पापुद्रा आला, ज्वाळा गेल्या आणि आत नुसती लाली राहिली की आर तयार. तळहात निखाऱ्यांच्या वर वीतभर अंतरावर धरा आणि मोजा. दोन आकड्यांत हात ओढावा लागला तर फार गरम आहे. चार-पाचपर्यंत सोसला तर पुडी ठेवा. सात-आठपर्यंत सहज राहिला तर थोडा कोळसा वाढवून पुन्हा थांबा. निखारे एका थरात पसरा, ढीग नको. वर जाळी असेल तर पुडी जाळीवर, नसेल तर निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर पसरून त्यावर.

पुडी ठेवल्यापासून

पहिली पंधरा मिनिटं बेकनची बाजू वर. हात लावू नका, टोचून बघू नका. पाचव्या-सहाव्या मिनिटाला आतून बारीक चरचर ऐकू येते. ती आली नाही तर आर कमी आहे. ती एकदम तडतडायला लागली आणि शिवणीतून धूर निघाला तर आर जास्त आहे, पुडी कडेला ओढा. पंधरा मिनिटांनी चिमट्यानं, शिवण न उसवता, उलटी करा. आता बेकन खाली येतं आणि त्याची चरबी उरलेली सुटते. अशी दहा-बारा मिनिटं. पुन्हा सुलटी.

मग एकच पुडी उघडून बघा. तोंड लांब ठेवा आणि शिवण आपल्यापासून पलीकडच्या बाजूनं उचला, वाफ जोरात येते. काटा किंवा टोकदार काडी बटाट्यात लोण्यासारखी गेली पाहिजे. अडखळली तर बंद करून आणखी पाच मिनिटं.

शिजला, पण बेकन मऊ आणि फिकट दिसतंय? दिसणारच. बंद पुडीत वाफ असते आणि वाफेत काही कुरकुरीत होत नाही. आता सगळ्या पुड्यांची तोंडं उघडून, कडा वाडग्यासारख्या उभ्या करून, पाच ते आठ मिनिटं तशाच आरावर ठेवा. पाणी उडतं, उरलेल्या चरबीत बटाट्याच्या कडा सोनेरी होतात, बेकन आकसून कुडकुडीत होतं. घाई असेल तर आधीच तव्यावर बेकन अर्धवट परतून घ्यायचं आणि ती चरबी बटाट्याला चोळायची, तेही चालतं. मला स्वतःला उघड्या पुडीची चव जास्त आवडते.

चरबी गळून भडका उडाला तर पाणी टाकू नका, उकळती चरबी उडते. पुडी चिमट्यानं बाजूला घ्या आणि मूठभर कोरडी माती किंवा राख टाका.

मग लिंबू, कोथिंबीर, आणि ज्वारीची भाकरी. बेकरीचा पाव असेल तर तळातली चरबी टिपायला तोच चांगला.

जे बेकन खात नाहीत

आपल्याकडच्या टोळक्यात डुक्कर न खाणारे दोघं-तिघं तरी असतातच, कुणी माळकरी, कुणी मुसलमान दोस्त, कुणी नुसताच नको म्हणणारा. त्यांच्या पुड्या सगळ्यात आधी बांधा, वेगळ्या सुरीनं आणि फळीवर, बेकनचं पाकीट फोडण्याआधीच. चरबीच्या जागी पुडीला मोठा चमचाभर लोणी, आणि इथं मीठ घालायचं. ओळखीसाठी टोकाला सुतळीचा तुकडा बांधा. कडेला वेगळी जाळी मांडा आणि चिमटाही वेगळा ठेवा. हे आधी सांगून केलं की माणूस निवांत बसून खातो.

घरात करायचं तर

ओव्हन २०० अंशांवर, पस्तीस-चाळीस मिनिटं, शेवटची दहा मिनिटं पुडी उघडी. ओव्हन नसेल तर जाड तवा, मंद आच, वर झाकण, दर दहा मिनिटांनी उलटी, एकूण पस्तीसेक मिनिटं. गॅसच्या उघड्या जाळावर थेट ठेवू नका. मायक्रोवेव्हमध्ये फॉइल घालायचंच नाही, ठिणग्या उडतात.

उरलं तर

उरलेली पुडी तशीच गुंडाळून रात्रभर ओट्यावर ठेवणं ही या पदार्थातली सगळ्यात वाईट सवय. फॉइलमध्ये गच्च बांधलेल्या शिजलेल्या बटाट्याला हवा लागत नाही, आणि मातीतून आलेल्या बोटुलिनम नावाच्या, जीवघेणं विष करणाऱ्या जंतूच्या बीजाणूंना तेच हवं असतं. ते शिजवण्यानं मरत नाहीत. १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका हॉटेलात फॉइलमध्ये भाजलेले बटाटे बाहेरच ठेवून नंतर त्यांची चटणी केली होती, ती खाऊन तीस माणसं आजारी पडली. तेव्हा जेवण झालं की लगेच फॉइल सोडा, बटाटे डब्यात काढा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर चरबीसकट परतले आणि वर अंडं फोडलं की भाकरीबरोबर संपतात.

वापरलेलं फॉइल जाळात टाकू नका, ते जळत नाही, नुसतं चुरगळून राखेत राहतं. रानातही सोडू नका. त्याला मीठ आणि चरबीचा वास असतो, कुत्री ते ओढत नेतात आणि म्हशी चाटता-चाटता गिळतात. गोळा करून पिशवीत घाला. निखाऱ्यांवर बादली ओता, काठीनं उलथा, पुन्हा ओता. चर्र आवाज पूर्ण थांबला आणि राखेवर हात ठेवता आला की मगच गाडीला किक मारा.